ओ'ब्रायन: एका राजाच्या नातवापासून सुरू झालेलं आडनाव

शॅननकाठची

ओ'ब्रायन हे आडनाव आपल्याकडे पण ऐकून माहीत असतं, कोलकात्याचे क्विझवाले आणि खासदार डेरेक ओ'ब्रायन, अमेरिकन टीव्हीवरचा कोनन ओ'ब्रायन वगैरे. पण या आडनावाचं मूळ गाव कुठलं ते मला इथे काउंटी क्लेअरमध्ये राहायला आल्यावर कळलं. एनिस, क्विन, किलालू, खाली लिमरिकपर्यंत, दुकानांच्या पाट्या बघा, शाळेची हजेरी बघा, चर्चच्या मागची थडगी बघा, सगळीकडे ओ'ब्रायन. जमेल तसं वाचत गेले, जागा बघत गेले, आणि आता इतकं साठलंय की एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. धागा लांबणार आहे.

तर हा ब्रायन म्हणजे ब्रायन बोरू. जन्म साधारण ९४१ चा, किलालूजवळ, जिथे शॅनन नदी लॉख डर्ग नावाच्या मोठ्या तळ्यातून बाहेर पडते तिथे. घराणं दॉल गॅश नावाच्या कुळातलं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने अगदी दुय्यम. मन्स्टर प्रांतावर पिढ्यान्‌पिढ्या ओगनाख्त नावाच्या दुसऱ्या कुळाचं राज्य होतं आणि त्यांची गादी कॅशेलच्या खडकावर. ब्रायनचा मोठा भाऊ मॅहन याने आधी कॅशेल घेतलं, ९७६ मध्ये त्याचा खून झाला, मग ब्रायनने भावाचा सूड घेतला आणि मन्स्टर हातात घेतलं, आणि तिथून पुढे पंचवीस वर्षांत एकेक प्रांत करत १००२ मध्ये मेल शेक्नल या उच्चराजाला (म्हणजे सगळ्या आयर्लंडचा नावापुरता का होईना सर्वोच्च राजा) आपल्यापुढे झुकायला लावलं. शेकडो वर्षं ती गादी ई नील घराण्यांकडे फिरत होती, तिथे हा बाहेरचा माणूस जाऊन बसला. १००५ मध्ये आर्माच्या चर्चला भेट दिली तेव्हा तिथल्या पोथीत त्याच्या लेखनिकाने त्याचा उल्लेख लॅटिनमध्ये 'आयरिश लोकांचा सम्राट' असा केलाय, ती पोथी आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे.

२३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे, डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची लढाई. शाळेच्या पुस्तकी गोष्टीत ही 'आयरिश विरुद्ध व्हायकिंग' असते. प्रत्यक्षात समोर लेन्स्टर प्रांताचा आयरिश राजा मेल मोर्डा होता, आणि त्याच्या बाजूने डब्लिनचा नॉर्स (म्हणजे व्हायकिंग) राजा सिट्रिक. हा सिट्रिक ब्रायनचा जावई, आणि सिट्रिकची आई गोर्मली एकेकाळी ब्रायनचीच बायको, आणि ती मेल मोर्डाची बहीण! म्हणजे निम्मी लढाई सोयऱ्याधायऱ्यांतच. ब्रायनची बाजू जिंकली, पण सत्तरी ओलांडलेला ब्रायन त्याच्या तंबूत मारला गेला, त्याचा मुलगा मुरो पडला आणि मुरोचा तरुण मुलगा टर्लख तोही त्याच दिवशी पडला. एका दिवसात तीन पिढ्या.

आता आडनावाकडे. लोक सर्रास सांगतात की ब्रायननेच फर्मान काढलं, सगळ्यांनी आडनावं लावा म्हणून. त्या काळचा याला काहीच पुरावा नाही. शिवाय आडनावं आधीच सुरू झालेली होती, आयरिश बखरींमध्ये ९१६ सालीच गॉलवे बाजूच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद 'ओ क्लेरी' या आडनावाने सापडते. युरोपातल्या सगळ्यात जुन्या वंशपरंपरागत आडनावांपैकी ते एक. खुद्द ब्रायनला आडनाव नव्हतं, तो नुसता केनेडिगचा मुलगा ब्रायन.

मग ओ'ब्रायन झालं कसं? क्लॉन्टार्फनंतर ब्रायनचे दोन मुलगे उरले, टाइग आणि डोनॉ. १०२३ मध्ये टाइगचा खून झाला आणि त्यामागे डोनॉ होता. टाइगचा मुलगा, नाव परत टर्लखच, मोठा झाला, काकाशी वर्षानुवर्षं लढला आणि १०६३ मध्ये त्याला गादीवरून खाली खेचलं. म्हातारा डोनॉ यात्रेला म्हणून रोमला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. तर हा टर्लख स्वतःला 'ऊआ ब्रिअन' म्हणवायचा. ऊआ म्हणजे नातू. त्याच्यासाठी ते आडनाव नव्हतंच, सरळ वस्तुस्थिती होती, मी ब्रायनचा नातू. आणि काकाच्या विरोधात गादीवर हक्क सांगताना बापापेक्षा आजाचं नाव लावणं किती फायद्याचं ते लक्षात घ्या, बाप राजा होण्याआधीच मेलेला, आजा मात्र अख्ख्या आयर्लंडला माहीत. पुढे टर्लखचा मुलगा मुर्टाख गादीवर आला, तो ब्रायनचा पणतू, तरीही तो 'ऊआ ब्रिअन'च राहिला. माझ्या मते आडनाव खरं जन्मलं ते इथे, नातं बदललं पण शब्द बदलला नाही. पुढे ऊआचं झालं ओ, आणि ब्रिअनचं इंग्रजीत ब्रायन.

या मुर्टाखने आणखी एक फार हुशारीचं काम केलं. ११०१ मध्ये कॅशेलचा खडक, जुन्या वैऱ्यांची शेकडो वर्षांची राजधानी, त्याने चर्चला दान करून टाकला. धर्मकार्यही झालं आणि ओगनाख्तवाल्यांना ती गादी परत मागायची सोयच उरली नाही.

१११८ मध्ये मन्स्टरचे दोन तुकडे झाले, दक्षिणेकडचा डेस्मंड मॅकार्थींकडे आणि उत्तरेकडचा थॉमंड ओ'ब्रायनांकडे. थॉमंड म्हणजे ढोबळमानाने आजचं क्लेअर, लिमरिक आणि टिपरेरीचा भाग. तेव्हापासून हे घराणं इथलं ते इथलंच. पुढचं प्रतिसादांत लिहिते, दमले.

कट्टेकरी

वाचतोय, लिहा पुढे. एक शंका, त्या ओ नंतरचा स्वल्पविराम (वर लटकलेला) कशाचा? मी इतकी वर्षं समजत होतो की ते इंग्रजीतल्या 'ऑफ'चं छोटं रूप असणार. आणि मॅक म्हणजे स्कॉटिश आणि ओ म्हणजे आयरिश असंही ऐकलंय ते खरं का?

शॅननकाठची

@कट्टेकरी, 'ऑफ'चा काही संबंध नाही, पण गैरसमज इंग्लंडातही भरपूर आहे. आयरिशमध्ये ओ वर एक तिरकी रेघ असते, स्वर लांब उच्चारायची खूण, तिला फाडा म्हणतात, आणि ओ आणि पुढचं नाव हे दोन सुटे शब्द असतात. इंग्रज कारकुनांनी ती रेघ उचलून बाजूला ठेवली आणि दोन शब्द चिकटवले, बास.

मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. दोन्ही आयरिशमध्ये आहेत, स्कॉटलंडची गेलिक भाषा आयरिशचीच बहीण म्हणून मॅक तिकडेही आहे, ओ मात्र तिकडे फारसा रुजला नाही.

आणि बायकांचं वेगळंच असतं. आयरिशमध्ये ओ लावणार फक्त पुरुष. मुलीने लावायचं 'नी', म्हणजे नातवाची मुलगी अशा अर्थाचं आखडलेलं रूप, आणि नावाचं पहिलं अक्षरही मऊ होतं, म्हणून भाऊ 'ओ ब्रिअन' तर बहीण 'नी व्रिअन'. लग्न करून त्या घरात आली तर 'ई व्रिअन'. माझ्या मुलीच्या आयरिश माध्यमाच्या शाळेत बहीणभावांची आडनावं हजेरीपटावर अशी वेगवेगळी दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं वेगळ्या घरातली पोरं आहेत. इंग्रजीत सगळ्यांचंच ओ'ब्रायन.

रानवाटा

सुंदर लिहिताय. मला कळत नाही ते असं की ११६९-७० मध्ये इंग्लंडातून नॉर्मन आले, नंतर ट्यूडर राजे, नंतर क्रॉमवेलची इंग्लिश फौज, एवढ्यात बाकीची गेलिक (म्हणजे मूळची आयरिश) घराणी धुळीला मिळाली, मग हे ओ'ब्रायन टिकले कसे? नुसती तलवार पुरली नसणार.

शॅननकाठची

@रानवाटा, तलवारीनेही टिकले आणि वाकूनही टिकले, आणि दोन्हीची वेळ त्यांना (बहुतेक वेळा) बरोबर कळली.

नॉर्मन आले तेव्हा डोनल मोर ओ'ब्रायन गादीवर होता. ११७१ मध्ये इंग्लंडचा दुसरा हेन्री स्वतः आला तेव्हा डोनल जाऊन मुजरा करून आला, आणि ११७४ मध्ये थर्ल्सला नॉर्मन फौजेला झोडपून काढलं. लिमरिकचं सेंट मेरीज कॅथीड्रल त्याचंच, ११६८ चं, अजून वापरात आहे, गेलात तर जरूर बघा. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं घरातच दोन शाखांची भाऊबंदकी, आणि त्या भांडणात नॉर्मन द क्लेअर घराण्याने हात धुवून घेतले. शेवटी १० मे १३१८ ला डायझर्ट ओ'डे इथे रिचर्ड द क्लेअर मारला गेला आणि थॉमंड पुढची सव्वादोनशे वर्षं गेलिकच राहिलं, इंग्रजी कायदा इथे चालायचा नाही.

आता १५४३ कडे येते, पण आधी एक जागा सांगायलाच हवी. क्विन गावापासून थोडं पुढे मॉय आयर म्हणून ठिकाण आहे. रस्त्यावरून काही कळणार नाही, कुरणात गवताने झाकलेला माथा सपाट केलेला मातीचा उंचवटा, भोवती खंदकाची खूण, बाजूने छोटा ओढा आणि पलीकडे एक उभा दगड. गाई चरत असतात. इथे दॉल गॅशच्या राजांचा अभिषेक व्हायचा. शेजारी एक मोठं पवित्र झाड होतं, आणि शत्रूला या लोकांचा अपमान करायचा असला की तो येऊन ते झाड तोडायचा. त्याच मेल शेक्नलने ९८२ च्या सुमारास ते मुळासकट उपटलं, परत वाढवलं तर १०५१ मध्ये शेजारच्या कॉनाख्त प्रांताच्या राजाने तोडलं. राजवाडा जाळण्यापेक्षा झाड तोडणं जास्त झोंबायचं यावरून त्या जागेचं वजन कळतं. त्या उंचवट्यावर जो उभा राहायचा तो 'अमुक ओ'ब्रायन' राहायचाच नाही, तो नुसता 'ओ'ब्रायन'. आडनाव हाच किताब, आणि एका वेळी तो एकालाच.

आणि आठव्या हेन्रीने नेमकं हेच मागितलं. त्याचं धोरण असं की गेलिक सरदाराने आपली सगळी जमीन राजाच्या पायाशी घालायची, आणि राजा तीच जमीन इंग्रजी सरदारकीसकट परत बहाल करणार. १ जुलै १५४३ ला ग्रीनिचच्या राजवाड्यात मुरो ओ'ब्रायनने हे केलं. अटी वाचण्यासारख्या आहेत: 'ओ'ब्रायन' हे नाव आणि त्या नावामुळे येणारे सगळे हक्क कायमचे सोडायचे, राजा देईल ते नाव लावायचं, इंग्रजी पोशाख, इंग्रजी भाषा, इंग्रजी रीतिरिवाज स्वतःला आणि वारसांना लावून घ्यायचे, जमीन नांगराखाली आणायची, राजाचा कायदा मानायचा. बदल्यात मुरो झाला थॉमंडचा अर्ल आणि इंचिक्विनचा बॅरन.

आणि वारसा हक्कही बदलला. गेलिक रीतीत मोठा मुलगा आपोआप गादीवर यायचा नाही, भाऊबंदांतून लायक माणूस आधीच निवडून ठेवायचे. खुद्द मुरो असाच भावानंतर आला होता, पुतण्याला डावलून. इंग्रजांनी तडजोड केली की मुरो हयात असेपर्यंत अर्ल, त्यानंतर पुतण्या अर्ल, आणि मुरोच्या स्वतःच्या पोरांना बॅरनकी. एका सहीत घराण्याच्या कायमच्या दोन फांद्या पडल्या.

मुरोला कोणी फितूर म्हणतं कोणी दूरदर्शी. मला वाटतं त्याने किताब दिला आणि जमीन राखली, आणि त्या काळात जमीन राखली म्हणजे माणसं राखली. पण माझ्या आयरिश शेजाऱ्यांशी याच्यावर बोललं की अजूनही दोन तट पडतात.

गंमत म्हणजे किताब म्हणून सोडलेलं ते नाव साधं आडनाव म्हणून सगळ्यांकडेच राहिलं.

जुनंपान

मुरोच्या नावावरून आठवलं, इंचिक्विनचाच दुसरा एक मुरो होता ना, जाळपोळवाला? कॅशेलशी संबंधित.

शॅननकाठची

हो, सहावा बॅरन. आयरिशमध्ये त्याचं नावच 'जाळपोळीचा मुरो' पडलंय. प्रॉटेस्टंट म्हणून वाढलेला, १६४७ मध्ये इंग्लिश संसदेच्या बाजूने लढताना कॅशेलवर चालून गेला आणि खडकावरच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या लोकांची कत्तल केली. त्याच्याच घराण्यातल्या राजाने दान केलेला खडक! पुढे बाजू बदलली, फ्रान्सला पळाला, कॅथलिक झाला. इथे अजून आया पोरांना त्याच्या नावाची भीती घालायच्या म्हणून सांगतात.

याच काळातली दुसरी बाजू बघायची तर बरेनच्या खडकाळ माळाच्या कडेला लेमने किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत, नुसत्या चार मजली भिंती आणि आरपार दिसणाऱ्या खिडक्या. तिथली मॉरा रुआ, म्हणजे लाल केसांची मेरी. नवरा कॉनर ओ'ब्रायन १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेशी लढताना गेला. क्लेअरमधल्या बहुतेक कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त होत होत्या. तिने क्रॉमवेलच्या सैन्यातल्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मुलाची इस्टेट वाचवली. तिच्याबद्दल दंतकथा भरमसाट आहेत, नवऱ्यांना खिडकीतून ढकललं वगैरे, पण मुलगा डोनॉ पुढे क्लेअरमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गणला गेला आणि ड्रोमोलंडची शाखा त्याच्यापासून चालली हे खरं. बॅरनकी पुढे याच शाखेकडे आली. ड्रोमोलंड आता आलिशान हॉटेल आहे, बनरॅटी किल्ला जो थॉमंडच्या अर्लांचा होता तो पर्यटकांसाठी उघडा आहे.

सगळ्यांनी काही जमीन राखली नाही हेही लिहायला हवं. १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला गेले त्यात क्लेअरच्या व्हायकाउंट किताबाची ओ'ब्रायन शाखा होती, त्यांच्या नावाची पलटण फ्रेंच फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होती. आणि विल्यम स्मिथ ओ'ब्रायन, जन्म १८०३ ड्रोमोलंडचाच, बॅरनच्या घरातला, ब्रिटिश संसदेत खासदार, तो १८४८ मध्ये बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाच्या भर मध्यात बंडाला उभा राहिला. टिपरेरीतल्या बॅलिंगॅरीला एका विधवेच्या घराभोवती पोलिसांशी चकमक झाली आणि बंड तिथेच संपलं. फाशीची शिक्षा झाली, ती बदलून टास्मानियाला काळ्या पाण्यावर पाठवलं. राजाला नाव विकलेल्या घरातून तीनशे वर्षांनी असा माणूस निघाला, मला तो फार आवडतो.

बॉस्टनची सून

ताई, मी तुमचीच वाट बघत होते असं म्हणायला हरकत नाही! माझं सासर ओ'ब्रायन. सासरे आता थकलेत आणि त्यांना फार इच्छा आहे मूळ गाव कळावं अशी, मी आपल्या कुलवृत्तांतासारखं काहीतरी करून द्यायचं मनावर घेतलंय. माहिती एवढीच की सासऱ्यांचे पणजोबा दुष्काळानंतर कधीतरी बोटीने आले, नाव पॅट्रिक (हे तर काय अर्ध्या आयर्लंडचं), आणि घरात सांगतात 'क्लेअरचे'. बोटीच्या यादीत नुसतं 'आयर्लंड' लिहिलंय. त्यांचं म्हणणं आपण ब्रायन बोरूचे वंशज. खरं असू शकतं का?

जनुकवाला

@बॉस्टनची सून, शॅननकाठची लिहितीलच पण डीएनएच्या बाजूने मी लिहितो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर एल२२६ नावाची एक खूण आहे, ती दॉल गॅश कुळाशी जोडली जाते आणि क्लेअर-लिमरिक-टिपरेरीची आडनावं असलेल्या लोकांत ठळक सापडते. सासऱ्यांची चाचणी करून बघू शकता. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक म्हणजे ती खूण ब्रायनच्याही आधीची आहे, ती सापडली म्हणजे कुळ तेच इतकंच, थेट ब्रायनचा वंश सिद्ध होत नाही. दुसरं, नाही सापडली तर सासऱ्यांना वाईट वाटू देऊ नका. हजार वर्षांत दत्तक आलेत, आईचं आडनाव लावलेली मुलं आलीत, सरदाराच्या आश्रयाला राहून त्याचं नाव घेतलेली कुळं आलीत. आडनाव खरं आणि रक्त वेगळं असं अगदी कायदेशीर घरांतही असतं.

शॅननकाठची

जनुकवाला यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात भर अशी की काही ओ'ब्रायन तर मुळात ओ'ब्रायन नव्हतेच. आयर्लंडच्या मिडलंड्समध्ये, म्हणजे मधल्या भागात, ओ ब्रीन नावाचं स्वतंत्र घराणं होतं, त्यांच्यातल्या काहींचं इंग्रजी कागदांत ओळखीच्या मोठ्या नावासारखं करत करत ओ'ब्रायन झालं. म्हणून क्लेअर ही घरातली आठवण मोलाची आहे, जपून ठेवा.

उलटंही आहे, ब्रायनच्या घरातले पण आडनाव वेगळं. थॉमंडचे मॅकमॅहन हे मुर्टाखच्या मॅहन नावाच्या मुलाचे वंशज. आणि केनेडी! ब्रायनच्या बापाचं नाव केनेडिग, त्यावरून ब्रायनच्या पुतण्याच्या शाखेने ओ केनेडी लावलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं आडनाव याच कुळातलं.

वराडचो झील

अवांतर होईल पण राहवत नाही. आमच्या गावचो झील थंय पंतप्रधान झालो म्हणून आयर्लंड आम्हाला जवळचं. मालवण तालुक्यातलं वराड, लिओ वराडकरांचे वडील तिथले. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना कुटुंबासकट गावात येऊन गेले. मला विचारायचंय की आपल्यासारखी गावावरून पडलेली आडनावं तिकडे नाहीत का?

शॅननकाठची

अवांतर कसलं, छान प्रश्न. अस्सल गेलिक आडनावांत गावावरून पडलेली अगदी क्वचित. तिथे सगळा भर कोणाचे तुम्ही यावर. त्यामुळे इथे लोकांना वराडकरचा अर्थ सांगितला की ते चकित होतात, म्हणजे आडनावावरून गाव नकाशावर दाखवता येतं? आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही.

पण इंग्रजांना मात्र गावावरूनच हवी होती. १४६५ मध्ये कायदा केला की डब्लिन आणि आसपासच्या इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्यांतल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यायचं, एखाद्या गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. कायदा थॉमंडपर्यंत पोचलाच नाही ही ओ'ब्रायनांची आणखी एक जमेची बाजू.

कट्टेकरी

मग मर्फी, केली यांच्या पुढचा ओ कुठे गेला?

शॅननकाठची

सतराव्या-अठराव्या शतकात गळला. कॅथलिकांवर जमीन, शिक्षण, नोकरी सगळ्यावर निर्बंध, अशा वेळी ओ आणि मॅक ही 'हा आयरिश' असं कपाळावर लिहिल्यासारखी गोष्ट होती, काहींनी स्वतः सोडला, काहींचा कारकुनाने सोडला. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, भाषेची चळवळ उभी राहिली, तेव्हा कितीतरी लोकांनी ओ परत लावला. ओ'ब्रायनांनी त्यातल्या त्यात घट्ट धरून ठेवला. १८९० च्या जन्मनोंदींवरून आयर्लंडच्या आडनावांची सरकारी गणती झाली, त्यात पहिल्या दहांत मर्फी, केली, सुलिव्हन, कॉनर ओ शिवाय आणि ओ'ब्रायन मात्र ओ सकट सहाव्या क्रमांकावर. माझा अंदाज असा की ब्रायन बोरूचं नाव घरोघर माहीत होतं, मर्फींचा मूळ पुरुष कोण हे मर्फींनाही माहीत नसायचं, त्यामुळे हा ओ सोडताना जीव जास्त तुटत असणार.

@बॉस्टनची सून, म्हणूनच तुम्हाला कागद शोधताना पहिलं काम, ओ'ब्रायन बरोबर 'ब्रायन', 'ब्रिएन' आणि ओ नसलेली सगळी रूपं टाकून बघा. इथला मोठा घोळ असा की ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना जळून खाक झाला, १८२१ ते १८५१ ची जनगणना जवळजवळ सगळी त्यात गेली, आणि एकोणिसाव्या शतकातली त्यापुढची सरकारने आधीच नष्ट केली होती. अख्खी उरलेली सगळ्यात जुनी म्हणजे १९०१ आणि १९११ ची, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट. त्याआधीसाठी ग्रिफिथची जमीन मोजणी (१८४७ ते १८६४) आणि कॅथलिक चर्चच्या वह्या, त्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून ठेवल्यात. पण आयर्लंडात साठ हजारांवर टाउनलँड, म्हणजे वाड्या म्हणा, आहेत, आणि पॅट्रिक ओ'ब्रायन क्लेअरमध्ये मुठीमुठीने सापडतील. वाडीचं किंवा निदान पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीचं) नाव मिळाल्याशिवाय इकडे शोधायला येऊ नका, हरवाल.

ते नाव मिळणार तुमच्याकडेच. मॅसॅच्युसेट्सच्या लग्ननोंदीत नवरानवरीच्या आईवडिलांची नावं बहुधा असतात, ती आधी काढा. थडग्यावरचा मजकूर बघा, त्या काळचे लोक हौसेने पॅरिशचं नाव कोरायचे. आणि बॉस्टनच्या 'पायलट' नावाच्या वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या, बहीण भावाला शोधतेय, बायको नवऱ्याला, आणि ओळख पटावी म्हणून त्यात गावाचं, पॅरिशचं नाव बऱ्याचदा असायचं. त्या सगळ्या बॉस्टन कॉलेजने शोधता येतील अशा केल्यात. वाचताना गलबलून येतं, वेळ काढून बसा.

बॉस्टनची सून

लग्ननोंद मिळाली!! बाप जेम्स, आई ऑनोरा, तिचं माहेरचं नाव मॅकनमारा. जन्मस्थळ परत नुसतं आयर्लंड. थडगं शनिवारी जाऊन बघणार. या नावावरून काही पकडता येईल का?

शॅननकाठची

खूप काही! मॅकनमारा म्हणजे शुद्ध पूर्व क्लेअर, मॉय आयरला ओ'ब्रायनांचा अभिषेक करायचा मान त्यांच्याकडे होता. ओ'ब्रायन-मॅकनमारा जोडी म्हटल्यावर क्लेअरची आठवण खरी असण्याची शक्यता बरीच वाढली. ऑनोरा चर्चच्या वहीत ऑनोरा, नोरा, हॅनोरा कशीही असेल. आणि मुलांची नावं नीट लिहून काढा, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं ही इथली रीत, आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला यायचंच की. पॅट्रिकच्या थोरल्याचं नाव जेम्स निघालं तर साखळी बरोबर जुळतेय. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावंही सोडू नका, ते बहुतेक मामा-आत्याच असतात. शनिवारी थडग्याचा फोटो टाका, अक्षरं पुसट असतील तर तिरप्या उन्हात काढा.